सभासदाच्या लॉगिनने अ‍ॅडमिनचं दार उघडतंय का? आपल्या वर्डप्रेस साइटवर असं तपासा

मागच्या आषाढातली दुपार. सरांचा फोन आला. "अगं, जरा वाचनालयात येऊन जातेस का? फोनवर नको बोलायला." सरांनी मला आठवीला गणित शिकवलं. आता ते निवृत्त आहेत आणि एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह आहेत. मी सांगलीत राहते आणि छोट्या संस्थांच्या साइट्स सांभाळते: पतसंस्था, मंगल कार्यालय, दोन शाळा आणि हे वाचनालय. सर फोनवर बोलायला नको म्हणाले, तेव्हाच पोटात गोळा आला.

काउंटरपाशी कॉलेजचा एक मुलगा बसला होता. त्याने ग्रंथपाल मॅडमकडे नव्या पुस्तकांची यादी मागितली होती. मॅडमनी अ‍ॅडमिनच्या पानावरून डाउनलोडची लिंक कॉपी करून त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, पण चुकून शेजारच्या बटणाची लिंक गेली. ती सभासदांच्या यादीची होती. मुलगा स्वतःच्या सभासद खात्यात लॉगिन होता. त्याने लिंक दाबली आणि फाइल मोबाइलमध्ये उतरली. १,१४३ ओळी. नाव, घरचा पत्ता, मोबाइल नंबर, अनामत रक्कम. बालविभागातल्या मुलांचं वय आणि शाळासुद्धा. मुलगा सरळ होता. फाइल पुसून टाकून तो स्वतःहून सांगायला आला.

मॅडम रडकुंडीला आल्या होत्या. "माझ्याच हातून गेली ना लिंक." मी त्यांना तेव्हाच सांगितलं, आणि इथेही सांगते: लिंक कुणाच्याही हातून चुकीची जाऊ शकते. अ‍ॅडमिनची लिंक सभासदाच्या खात्यातून उघडायलाच नको होती. दोष प्लगिनमध्ये, म्हणजे वर्डप्रेसला जादा सोयीसाठी जोडलेल्या प्रोग्रॅममध्ये, होता आणि तो आधी शोधायची जबाबदारी माझी होती.

त्या आठवड्यात मी माझ्याकडच्या सगळ्या साइट्स या एका नजरेने तपासल्या. कसं तपासलं, ते खाली सविस्तर लिहिते. फाइलींची आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते. कोडमध्ये ती रोमनमध्येच दिसतील.

नेमकं काय बिघडतं

लग्नघरात दाराशी पाहुण्यांचं स्वागत होतं, पण कोठीची किल्ली एखाद्या भरवशाच्या आत्याच्या कमरेला असते. मांडवात आलेला प्रत्येक जण कोठीत जाऊन तुपाचा डबा उचलू शकत नाही. वेबसाइटवरही हे दोन प्रश्न वेगवेगळे असतात. "तू कोण?" याचं उत्तर लॉगिन देतं. "तुला हे काम करायची मुभा आहे का?" हे प्रत्येक कामाच्या वेळी नव्याने विचारावं लागतं. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी करंट_यूझर_कॅन नावाचं फंक्शन आहे. प्लगिन लिहिणारा ते एका ठिकाणी विसरला की कोठी उघडी.

ही चूक दुर्मीळ नाही. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत २०१७ साली हा प्रकार पाचवा होता, २०२१ च्या यादीत पहिला आला. नोव्हेंबर २०१८ मध्ये 'डब्ल्यूपी जीडीपीआर कंप्लायन्स' या प्लगिनमध्ये असंच भोक निघालं. ते एक लाखाहून जास्त साइट्सवर होतं आणि तयार झालं होतं युरोपच्या गोपनीयता कायद्याचं पालन करण्यासाठी. त्याच्या १.४.२ पर्यंतच्या आवृत्त्यांत लॉगिन न केलेला माणूसही साइटची कुठलीही सेटिंग बदलू शकत होता. हल्लेखोरांनी दोनच सेटिंग्ज बदलल्या: नोंदणी सगळ्यांना खुली केली आणि नव्या सदस्याची भूमिका 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' ठेवली. मग साध्या फॉर्मवरून नाव नोंदवून मालक बनून आत आले. पासवर्ड फोडायची गरजच पडली नाही.

मार्च २०२३ मध्ये एलिमेंटर प्रो या पानं बनवायच्या प्लगिनच्या ३.११.६ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत याच जातीचा दोष सापडला. साइटवर वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचं प्लगिन चालू असेल तर लॉगिन असलेला साधा ग्राहकही साइटच्या सेटिंग्ज बदलू शकत होता. २२ मार्चला आलेल्या ३.११.७ मध्ये तो दुरुस्त झाला. प्लगिन नावाजलेलं आहे आणि पैसे मोजून घेतलंय, म्हणून तपासायला नको असं वाटत असेल तर हे उदाहरण ध्यानात ठेवा.

तपासणीची तयारी

चालू साइटवर प्रयोग करू नका. बऱ्याच होस्टिंगच्या पॅनेलमध्ये स्टेजिंगचं बटण असतं, त्याने साइटची हुबेहूब प्रत तयार होते. ते नसेल तर आपल्या संगणकावर प्रत उतरवा. प्रतीमधून बाहेर ईमेल जाणं आधी बंद करा, नाहीतर सभासदांना 'तुमचा पासवर्ड बदलला' असल्या मेल जातील. आणि खऱ्या माणसांची माहिती प्रतीत ठेवू नका. मी नावांच्या जागी 'सभासद १', 'सभासद २' भरते, मोबाइलच्या जागी दहा शून्यं. याला अर्धा तास लागतो, तो द्याच. स्टेजिंगची प्रत विसरून उघडी राहिली म्हणून माहिती बाहेर गेली, असंही होतं.

साइट दुसऱ्याची असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'हो, बघा' अशा दोन ओळी असल्या तरी चालतं, पण असू द्या. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरलं तर नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते. हेतू चांगला होता हे नंतर पटवून देत बसायची वेळ येऊ नये.

आता तीन खिडक्या उघडा. फायरफॉक्समध्ये अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन करा. क्रोममध्ये नवं खातं काढून 'सबस्क्रायबर' म्हणून, म्हणजे सगळ्यात खालच्या भूमिकेने. तिसरी खिडकी इनकॉग्निटो, कुठलंही लॉगिन नसलेली. पुढची सगळी तपासणी या तीन खिडक्यांतच होते. अ‍ॅडमिनच्या खिडकीत काम करायचं आणि तेच काम उरलेल्या दोन्हींत होतंय का ते पाहायचं.

लिंकवर चालणारी कामं

सोप्यापासून सुरुवात करा. अ‍ॅडमिनच्या खिडकीत प्लगिनच्या प्रत्येक पानावर जा. डाउनलोड, एक्सपोर्ट, डिलीट, रिसेट, डुप्लिकेट असं जे बटण दिसेल त्यावर उजवी क्लिक करून लिंक कॉपी करा, सबस्क्रायबरच्या खिडकीत चिकटवा आणि एंटर दाबा. 'तुम्हाला हे पान पाहायची परवानगी नाही' आलं तर ठीक. फाइल उतरली तर भोक सापडलं.

वाचनालयाच्या साइटवर पहिल्याच एंटरला फाइल उतरली. ते मला माहीतच होतं. मग तीच लिंक इनकॉग्निटोमध्ये टाकली. लॉगिनचं पान समोर आलं आणि मला बरं वाटलं: निदान बाहेरच्या माणसाला तरी यादी मिळणार नाही. सरांना तसं सांगायला मी फोन उचललासुद्धा. पण मनात शंका राहिली म्हणून प्लगिनची फाइल उघडली. एक्सपोर्टचं काम अ‍ॅडमिन_इनिट या हुकला (वर्डप्रेस ठरलेल्या टप्प्यावर प्लगिनचं फंक्शन चालवतं त्या जागेला) बांधलेलं होतं आणि वर एकच तपासणी होती: इझ_अ‍ॅडमिन.

इथे थांबून नीट वाचा, कारण कितीतरी प्लगिन लिहिणारे इथेच फसतात. 'इझ_अ‍ॅडमिन' या नावावरून वाटतं की समोरचा माणूस अ‍ॅडमिन आहे का हे ते विचारतं. तसं ते विचारत नाही. मागितलेलं पान अ‍ॅडमिनच्या भागातलं आहे का, एवढंच ते सांगतं. माणूस कुणीही असो. आणि अ‍ॅडमिन_इनिट हा हुक डॅशबोर्डच्या पानांवर तर चालतोच, शिवाय अ‍ॅडमिन-एजॅक्स आणि अ‍ॅडमिन-पोस्ट या दोन फाइलींवरही चालतो. या दोन फाइली लॉगिन नसलेल्यांसाठीही उघड्या असतात, कारण साइटच्या पुढच्या भागातले फॉर्म त्यांच्यावरच चालतात.

मी इनकॉग्निटोमधल्या लिंकमध्ये डॅशबोर्डच्या पत्त्याऐवजी अ‍ॅडमिन-पोस्टचा पत्ता घातला, मागचा भाग तसाच ठेवला आणि एंटर दाबलं. खिडकीच्या कोपऱ्यात डाउनलोडचा बाण खाली आला. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, आणि अख्ख्या वाचनालयाची यादी हातात. बालविभागातल्या मुलींची नावं, त्यांच्या शाळा, त्यांच्या घरचे पत्ते. त्या क्षणी माझे हात गार पडले, हे मी मोकळेपणाने सांगते. सरांना फोन केला, पण वेगळंच सांगायला.

म्हणून सांगते, लॉगिनचं पान दिसलं की समाधान मानू नका. तीच लिंक अ‍ॅडमिन-पोस्ट आणि अ‍ॅडमिन-एजॅक्सच्या पत्त्यावरही टाकून पाहा. अ‍ॅडमिन-एजॅक्सला 'अ‍ॅक्शन' नावाचं काहीतरी मूल्य द्यावं लागतं, ते नसेल तर तो आधीच थांबतो. कुठलाही शब्द चालतो.

पान न बदलता होणारी कामं

बटण दाबलं, पान हललं नाही, पण 'जतन झाले' असं आलं, म्हणजे काम एजॅक्सने किंवा रेस्ट एपीआयने, म्हणजे ब्राउझरने मागच्या मागे सर्व्हरशी बोलून, झालं. हे पाहायला अ‍ॅडमिनच्या खिडकीत एफ १२ दाबा, नेटवर्कचा टॅब उघडा आणि मग बटण दाबा. जी ओळ उमटेल तिच्यावर उजवी क्लिक करून 'कॉपी अ‍ॅज फेच' निवडा. सबस्क्रायबरच्या खिडकीत साइटचंच पान उघडं ठेवून एफ १२, कन्सोल, तिथे चिकटवा आणि एंटर. ब्राउझर आता हीच रिक्वेस्ट सबस्क्रायबरच्या ओळखीने पाठवतो.

उत्तर वाचायला शिका. नुसतं '०' आलं तर बहुधा त्या नावाचं काम तुमच्यासाठी नोंदलेलंच नाही. '-१' आलं तर नॉन्स जुळला नाही. ४०३ म्हणजे नकार. पण २०० (म्हणजे 'ठीक') दिसलं म्हणजे भोक आहेच असं धरू नका. कित्येक प्लगिन नकारही २०० च्या आवरणातच देतात आणि आत 'सक्सेस: फॉल्स' लिहितात. खरा पुरावा एकच: अ‍ॅडमिनच्या खिडकीत पान ताजं करा आणि सेटिंग खरोखर बदलली का ते पाहा.

आता '-१' बद्दल. हे आलं की बहुतेक जण खूश होऊन पुढच्या प्लगिनकडे जातात. नॉन्स ही वर्डप्रेसची एक छोटी खूण आहे. ती त्या वापरकर्त्याला आणि त्या कामाला बांधलेली असते आणि जास्तीत जास्त चोवीस तास चालते. बाहेरच्या एखाद्या पानाने फसवून तुमच्याकडून बटण दाबून घेऊ नये, एवढ्यासाठीच ती आहे. परवानगीसाठी नॉन्सवर विसंबू नका, असं वर्डप्रेसच्या डेव्हलपर मार्गदर्शिकेतच स्पष्ट लिहिलेलं आहे. तुम्हाला '-१' आलं ते अ‍ॅडमिनची खूण सबस्क्रायबरच्या हातात होती म्हणून. सबस्क्रायबरला त्याची स्वतःची खूण मिळाली तर?

ती मिळते का ते पाहा. सबस्क्रायबर लॉगिन करून स्वतःच्या प्रोफाइलच्या पानावर जाऊ शकतो, ते पानही डॅशबोर्डचाच भाग आहे. तिथे पानाचा सोर्स उघडा आणि 'नॉन्स' हा शब्द शोधा. बरीच प्लगिन आपली खूण डॅशबोर्डच्या प्रत्येक पानावर छापून ठेवतात, मग तिथे कोण बसलंय याची फिकीर नसते. ती खूण उचला, मघाच्या रिक्वेस्टमध्ये जुनीच्या जागी टाका, पुन्हा चालवा. माझ्याकडच्या एका शाळेच्या साइटवर नकाराचा होकार असाच झाला.

रेस्ट एपीआयचं थोडं वेगळं आहे. त्याची लिंक नुसती ब्राउझरमध्ये टाकली तर तुम्ही लॉगिन असूनही वर्डप्रेस तुम्हाला अनोळखीच धरतं, कारण सोबत नॉन्स नसतो. तेव्हा रेस्टची तपासणी दोनदा करा: एकदा नॉन्सशिवाय आणि एकदा सबस्क्रायबरच्या नॉन्ससह.

एक प्रकार या दोन्हींत बसत नाही. सभासदाला स्वतःची पावती पाहायचा हक्क आहे. लिंकच्या शेवटी ५१२ आहे. तिथे ५१३ टाकलं तर शेजाऱ्याची पावती दिसते का? यासाठी दोन सबस्क्रायबर खाती काढा आणि एकाची लिंक दुसऱ्यात टाका. पतसंस्थांच्या साइटवर मी ही तपासणी सगळ्यात आधी करते.

कोड वाचता येत असेल तर

पीएचपी लिहिता आलं पाहिजे असं नाही, शोधता आलं तरी पुरे. प्लगिनचं फोल्डर एखाद्या एडिटरमध्ये उघडा आणि अख्ख्या फोल्डरमध्ये हे शब्द शोधा: डब्ल्यूपी_एजॅक्स, अ‍ॅडमिन_पोस्ट, अ‍ॅडमिन_इनिट, रजिस्टर_रेस्ट_रूट. प्रत्येक ठिकाणी कुठलं तरी फंक्शन बांधलेलं असेल. त्या फंक्शनपाशी जा आणि पहिल्या दहा ओळींत करंट_यूझर_कॅन आहे का ते पाहा. नसेल तर त्याचं नाव वहीत लिहा. मी खरंच वहीत लिहिते, दोन रकाने करून: काम काय, आणि कुणाला करता येतं.

डब्ल्यूपी_एजॅक्सच्या पुढे 'नोप्रिव्ह' असेल तर ते काम लॉगिनशिवाय चालतं. ते मुद्दाम तसं ठेवलेलं असू शकतं, उदाहरणार्थ संपर्काचा फॉर्म. नोप्रिव्ह नसेल तर लॉगिन लागतं, पण लॉगिन कुणाचंही चालतं. सबस्क्रायबरचंसुद्धा. हाच गैरसमज सगळ्यात महागात पडतो.

रेस्टच्या नोंदीत 'परमिशन_कॉलबॅक' असा, कुणाला परवानगी ते ठरवणारा, एक रकाना असतो. २०२० च्या वर्डप्रेस ५.५ पासून तो भरला नाही तर इशारा येतो. तो इशारा घालवायला कित्येक जण तिथे सरळ 'रिटर्न_ट्रू' लिहून मोकळे होतात, म्हणजे 'सगळ्यांना हो'. सार्वजनिक माहितीला ते चालतं. सेटिंग बदलणाऱ्या किंवा यादी देणाऱ्या कामाला तिथे रिटर्न_ट्रू दिसलं तर तुमचा शोध संपला.

भोक बुजवणं

प्लगिनची नवी आवृत्ती आली असेल तर आधी ती घाला, बाकीचं नंतर. उद्यावर टाकू नका. एप्रिल २०२५ मध्ये ओट्टोकिट, म्हणजे पूर्वीचं शुअरट्रिगर्स, या प्लगिनमधला दोष जाहीर झाला, तेव्हा वर्डप्रेसच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या पॅचस्टॅक कंपनीला चार तासांच्या आत हल्ल्याचे प्रयत्न दिसले. त्या दोषात आणखी एक शिकण्यासारखं होतं. प्लगिन चालू केलंय पण त्यात जोडणीची किल्ली (एपीआय की) भरून सेटअप पूर्ण केलेला नाही, अशाच साइट्स धोक्यात होत्या. 'पुढे कधीतरी वापरू' म्हणून चालू करून ठेवलेली प्लगिन्स आजच काढा. नुसती बंद नको, डिलीट करा, कारण बंद प्लगिनच्या फाइली सर्व्हरवर पडूनच असतात.

नवी आवृत्ती नसेल तर प्लगिन बंद करा. वाचनालयात ते जमण्यासारखं नव्हतं, रोजची देवघेव त्यावरच चालते. प्लगिनच्या फाइलीत हात घालू नका, पुढच्या अपडेटला तुमची दुरुस्ती पुसली जाते. त्याऐवजी डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये एमयू-प्लगिन्स नावाचं फोल्डर करा आणि त्यात एक छोटी पीएचपी फाइल ठेवा. तिथल्या फाइली आपोआप चालतात आणि प्लगिनच्या पानावरून कुणाला चुकून बंद करता येत नाहीत.

त्या फाइलीत करायचं एवढंच: दोषी प्लगिनने जो हुक धरलाय तोच हुक आपणही धरायचा, पण प्राधान्य शून्य द्यायचं. वर्डप्रेसमध्ये न सांगता मिळणारं प्राधान्य दहा असतं आणि लहान आकडा आधी चालतो, म्हणून आपली तपासणी प्लगिनच्या आधी होते. माझ्या बाबतीत हुक अ‍ॅडमिन_इनिट होता. तो डॅशबोर्डच्या प्रत्येक पानावर चालतो, म्हणून आधी लिंकमध्ये एक्सपोर्टचा शब्द आहे का ते पाहायचं, नसेल तर काही न करता परतायचं. शब्द असेल आणि करंट_यूझर_कॅन 'मॅनेज_ऑप्शन्स' ला (साइटच्या सेटिंग्ज बदलायच्या क्षमतेला) नाही म्हणत असेल तर डब्ल्यूपी_डाय, म्हणजे तिथेच थांबवणं, ४०३ सकट. सगळ्या मिळून सात ओळी. एजॅक्सच्या कामाला हेच, फक्त हुक त्या कामाचा.

'भूमिका अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे का' असं विचारू नका, 'ही क्षमता आहे का' असंच विचारा. ग्रंथपाल मॅडमना अ‍ॅडमिन करायची गरज नव्हती. मी त्यांच्यासाठी वेगळी भूमिका केली, तिला आणि अॅडमिनिस्ट्रेटरच्या भूमिकेलाही 'सभासद यादी' नावाची एक क्षमता दिली आणि तपासणीत मॅनेज_ऑप्शन्सच्या जागी ती विचारली.

काही जण अ‍ॅडमिन-एजॅक्सची फाइलच सर्व्हरवर अडवतात. तसं करू नका. साइटच्या पुढच्या भागातले शोध, फॉर्म, कार्ट असं बरंच काही बंद पडतं, आणि दोष तिथे नसतोच.

फाइल ठेवली की तिन्ही खिडक्यांत पुन्हा सगळं करून पाहा. अ‍ॅडमिनला यादी मिळाली पाहिजे, बाकी दोघांना ४०३ किंवा लॉगिनचं पान. अ‍ॅडमिन-पोस्टचा पत्ता विसरू नका. कॅशिंगचं प्लगिन असेल तर कॅश आधी रिकामी करा, नाहीतर जुनं पान पाहून फसाल.

कुणी आधीच येऊन गेलंय का

सेटिंग्जमध्ये जनरलच्या पानावर दोन गोष्टी पाहा: 'कुणीही नोंदणी करू शकतो' ही खूण मुद्दाम लावलेली आहे का, आणि नव्या सदस्याची भूमिका सबस्क्रायबरच आहे का. मग युझर्सच्या यादीत अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण कोण आहेत ते मोजा. ओळखीचं नसलेलं एक जरी नाव असलं तरी प्रश्न दुरुस्तीपुरता उरला नाही, साइट ताब्यात गेलीय असं समजून मागच्या स्वच्छ बॅकअपकडे जा.

होस्टिंगकडून अ‍ॅक्सेस लॉग मागवा, लगेच. कित्येक ठिकाणी ते थोड्याच दिवसांचे ठेवतात. लॉगमध्ये लिंकमधला मजकूर दिसतो, पण पोस्ट रिक्वेस्टच्या पोटातला दिसत नाही. म्हणजे एक्सपोर्टची लिंक कुणी उघडली ते कळतं. एजॅक्सने कुठलं काम चालवलं ते बहुधा कळत नाही, फक्त अ‍ॅडमिन-एजॅक्सवर कुणीतरी आलं एवढंच. अशा ओळींत वेळ पाहा आणि उत्तराचा आकार पाहा. नकाराचं उत्तर काही बाइटांचं असतं, आमची यादी दीडशे किलोबाइटच्या आसपास होती. मी तो आकडा धरून सगळा लॉग चाळला. एक्सपोर्टच्या सगळ्या ओळी मॅडमच्या संगणकावरून होत्या, एक त्या मुलाच्या मोबाइलवरून, आणि त्या दुपारच्या माझ्या. हातातल्या लॉगपुरतं तरी बाहेरचं कुणी नव्हतं. त्याआधीचे लॉग होस्टिंगकडे उरलेले नव्हते.

शंका असेल तर डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलीतल्या सॉल्टच्या, म्हणजे लॉगिन जपणाऱ्या गुप्त अक्षरांच्या, ओळी बदला, सगळ्यांचं लॉगिन एका झटक्यात सुटतं. नंतर अ‍ॅडमिनचे पासवर्ड बदला.

कळवणं

प्लगिन लिहिणाऱ्याला कळवा, पण चारचौघांत नको. सपोर्टच्या उघड्या पानावर 'इथे भोक आहे' असं लिहिलं तर ते भोक हजार जणांना सांगितल्यासारखं होतं. त्यांच्या साइटवर सुरक्षेसाठी वेगळा ईमेल आहे का पाहा. नसेल आणि प्लगिन वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातलं असेल तर तिथल्या प्लगिन टीमला लिहा. पत्रात आवृत्तीचा आकडा, फाइलीचं नाव, ओळ क्रमांक आणि कुठल्या भूमिकेने काय केल्यावर काय झालं, एवढं द्या. खऱ्या यादीचा स्क्रीनशॉट जोडू नका. मला अकराव्या दिवशी उत्तर आलं आणि सोबत दुरुस्त आवृत्ती. ती घालून पुन्हा तीन खिडक्या केल्या. आपली सात ओळींची फाइल मी काढलेली नाही. तिचा त्रास काही नाही.

भारतात सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांनी अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात. यंत्रणेत किंवा माहितीत अनधिकृत प्रवेश आणि माहितीची गळती, दोन्ही त्या यादीत आहेत. सहा तास म्हणजे दुपारी कळलं तर रात्रीपर्यंत. त्यामुळे कळवण्याचा मसुदा आधीच करून ठेवा: संस्थेचं नाव, संपर्क, काय झालं, कधी कळलं, काय केलं.

आणि ज्यांची माहिती होती त्यांनाही सांगा. हे सांगताना संस्थांचे पदाधिकारी कचरतात, मला माहीत आहे. सर कचरले नाहीत. त्यांनी सूचना फलकावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "आपल्या संकेतस्थळातील त्रुटीमुळे सभासदांची यादी एका सभासदाच्या मोबाइलवर उतरली. त्यांनी ती पुसून आम्हाला कळवले. त्रुटी दूर केली आहे. उपलब्ध नोंदींत इतर कुणी यादी उतरवल्याचे दिसत नाही. त्यापूर्वीच्या नोंदी उपलब्ध नाहीत. कुणाला अनोळखी फोन आल्यास वाचनालयाला कळवावे." शेवटचं वाक्य घालताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली.

बालविभागात त्या वेळी ८६ मुलं होती. त्यांच्या पालकांना फलकावर वाचायला लागू नये म्हणून मॅडमनी आणि मी एकेक फोन केला. तीन संध्याकाळी लागल्या. मुलांची शाळा आणि वय हे दोन रकाने आता त्या यादीत नाहीत. पुस्तक द्यायला ते कधी लागतच नव्हते.